माले घर जावानं शे

दिवस मावळायला लागला की आमच्या मायची घालमेल सुरू होते. दोन लुगडी गाठोड्यात बांधते अन् दाराशी येऊन उभी राहते, "माले घर जावानं शे." यावलकडच्या ह्याच घरात तिची पन्नास वर्षं गेली, म्हणून आम्ही पहिले कितीतरी महिने तिला समजावतच बसलो की अगं माय, हेच तुझं घर आहे. ती अजून चिडायची, एकदा तर चहाचा कपच फेकला.

मायला अल्झायमर आहे, हळूहळू सगळं विसरायला लावणारा मेंदूचा आजार. त्यात मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर खराब होतो, नवीन आठवणी पक्क्या करायचं काम त्याचं, म्हणून आत्ता सांगितलेलं पाच मिनिटात पुसलं जातं. पण भावना तशी पुसली जात नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने २०१४ साली छापलेल्या अभ्यासात अशा १७ पेशंटना रडवणारे अन् हसवणारे सिनेमाचे तुकडे दाखवले होते, काय पाहिलं ते बहुतेकांना नीट सांगता येईना पण मन मात्र अर्ध्या तासापर्यंत उदास किंवा खुश राहिलं. हे वाचलं त्या दिवशी मला खूप रडू आलं, कारण मी सकाळी ओरडलेलं ती विसरते असंच मी धरून चाललो होतो.

संध्याकाळचंच का, तर मेंदूतलं दिवसरात्रीचं घड्याळ बिघडलेलं असतं, दिवसभराचा थकवा असतो, त्यात अंधारून आलं की सावल्यांची भीती वाटते. म्हणून आता दिवेलागणीच्या आधीच सगळे लाईट लावतो, टीव्ही बंद.

आणि एक, स्वभाव एक-दोन दिवसात अचानक बदलला तर आजार वाढला म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहितीये, माय पाणी मागायचंच विसरली, रात्रभर बडबड, कुणाला ओळखेना. लघवी तपासली तर इन्फेक्शन निघालं, औषधाने आठवड्यात बरीच शांत झाली. बद्धकोष्ठ, दातदुखी, नवीन सुरू केलेली गोळी, यानेही असं होतं, त्यांना दुखतंय हे सांगता येत नाही ना.

आता ती गाठोडं घेऊन आली की मी विचारतो, "माय, घरी कोण कोण शे?" मग तिचा बाप येतो, बैलजोडी येते, कापूस वेचायला जायची ती वाट येते. बोलता बोलता तिच्यापुढे कापूस ठेवतो, ती वाती वळायला लागते, बोटं अजून काहीच विसरलेली नाहीत.