जुन्या गाडीचं कार्बन क्लिनिंग: हे प्रकरण आलं कुठून?

सध्या आपल्या इकडे वर्धा, यवतमाळ, अमरावती कुठंही जा, गॅरेजसमोर 'हायड्रोजन मशीनने कार्बन क्लिनिंग' (म्हणजे इंजिनात जमलेली काजळी साफ करणं) असे बोर्ड लागून राहिले, आणि ज्याच्याकडे जुनी अल्टो नाहीतर बोलेरो आहे तो प्रत्येकजण विचारून राहिला का पैसे घालावे का नाही. पण काम जुनंच आहे भाऊ, मशीन तेवढं नवीन.

राजदूत आणि येझदीचा जमाना आठवा. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, ते पुरतं जळत नव्हतं आणि एक्झॉस्ट पोर्ट न सायलेन्सर काजळीनं बुजून जायचे. त्यात दूधवाल्यांच्या राजदूत कॅन लटकवून पांदणीनं हळूहळू चालणाऱ्या, वर लोक ऑइलही अंदाजानंच ओतायचे, त्यामुळं थर आणखी लवकर चढायचा. गाडी चढावर दम टाकायला लागली का मिस्त्री हेड खोलून पिस्टनवरची काजळी खरवडायचा, सायलेन्सरची आतली नळी काढून जाळात टाकायचा नाहीतर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. मग गाडी खरंच पळायची, कारण धुराची वाट मोकळी झालेली असायची. कार्बन काढला का गाडी सुधरते हे आपल्या डोक्यात तिथूनच बसलं.

चारचाकीचं वेगळं होतं. १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांनी इंजिन ठोकू नये (इंधन आत अवेळी भडकून टकटक आवाज येऊ नये) म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग टाकायची युक्ती काढली, आणि त्या शिशाचेही थर प्लगवर, व्हॉल्व्हवर बसायचे. त्या काळच्या इंजिनांचं हेड काढून साफ करणं हे नेहमीच्या सर्व्हिसिंगमधलंच काम होतं. भारतात शिशाचं पेट्रोल पूर्ण बंद झालं २००० साली. रेशनचं निळं रॉकेल मिसळायचा धंदा मात्र त्यानंतरही चालला, त्यानंही काजळी वाढवलीच.

पुढे इंधन सुधारत गेलं. देशभरात बीएस-४ (गाडीच्या धुराचे सरकारी नियम) आलं २०१७ मध्ये, तेव्हा डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवर (दहा लाखात ५० भाग) आलं, २०२० च्या बीएस-६ मध्ये १० वर. आणि कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय आलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, त्यात इंजेक्टर व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूवर पेट्रोल मारतो, म्हणजे व्हॉल्व्ह चालता चालता धुतला जाते. म्हणून माझं मत सरळ आहे, अशी जुनी पेट्रोल गाडी नीट स्टार्ट होत असन, ठोकत नसन, पीयूसीत पास होत असन तर मशीन लावायची काहीच गरज नाही.

कॉमन रेल डिझेलचं, म्हणजे एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरला डिझेल देणाऱ्या इंजिनाचं, तसं नाही. तिथं प्रदूषण कमी करायला ईजीआर व्हॉल्व्ह बसवला, तो थोडा धूर परत इंजिनात पाठवते, त्यात इंजिनातली ऑइलची वाफ मिसळते आणि मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) डांबरासारखा चिकट थर बसते. आता गंमत पाहा, हायड्रोजन मशीन करते काय तर विजेनं पाणी फोडून निघालेला गॅस हवेच्या पाइपातून आत सोडते. तो गॅस जळणार सिलिंडरमध्ये, मॅनिफोल्डमध्ये तर नाही ना! मग तिथला थर निघणार कसा? तो खोलूनच काढावा लागते, स्प्रे न ब्रश घेऊन, आणि बसवताना गॅस्केट नवीन.

आणि ज्या गाडीच्या पिस्टनच्या रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह सील गेले, जी ऑइल पिऊन निळा धूर सोडते, तिचा कार्बन आज काढला तरी पुन्हा जमणारच. तिथं आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चेक करून घ्या. काळा धूर असन तर त्याच्याही आधी एअर फिल्टर काढून पाहा, कापसाच्या सीझनमध्ये जिनिंगच्या रस्त्यानं फिरणाऱ्या गाड्यांचे फिल्टर धूळ न तंतूनं पार बुजलेले राहतात.