स्वस्तातला रडार डिटेक्टर आणि आपला हायवे : पार्श्वभूमी

तवंदी किंवा वंटमुरीचा घाट उतरला की पुणे-बंगळूर हायवेवर काटा शंभरच्या पुढे कधी गेला ते कळतही नाही. पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारच्या लहरी पकडून आधीच इशारा देणारा रडार डिटेक्टर, म्हणजे ऑनलाइन स्वस्तात मिळणारा, इंग्रजी आणि रशियन बोलणारा डबा, घ्यावासा वाटतो तो अशाच रस्त्यासाठी.

मूळ यंत्र अमेरिकेत चाललं. 1974 मध्ये तिकडे देशभर ताशी 55 मैलांची मर्यादा आली आणि त्याचा खप वाढला. तेव्हाच्या रडारच्या लहरी लांबवर फाकत जात, त्यामुळे पोलीस दिसण्याआधीच डबा वाजे.

आपल्याकडे इंटरसेप्टरमध्ये, म्हणजे वेग तपासणाऱ्या पोलिसांच्या गाडीत, बहुतेक लेझर गन असते आणि सगळी मेख तिथेच आहे. तिचा 904 नॅनोमीटरचा अदृश्य झोत तीनशे मीटरवर जेमतेम एक मीटर फाकतो. नेम नंबरप्लेटवर, डबा वर काचेला चिकटवलेला. झोत त्याच्यापर्यंत पोचलाच तर तो ओरडेपर्यंत वेग नोंदला गेलेला असतो, कारण गनला अर्धा सेकंदही लागत नाही. दोन कॅमेऱ्यांमधल्या वेळेवरून सरासरी वेग काढतात तिथे तर पकडण्यासारखी लहरच नसते. पाकिटावरचे ‘सोळा बँड’, म्हणजे डबा पकडू शकतो ते लहरींचे पट्टे, इथे काय कामाचे?

वेगमर्यादा मोडण्याच्या दंडाचं गणित 1 सप्टेंबर 2019 ला बदललं. कारला पहिल्या वेळी कमाल 400 रुपये होते, त्याचे 1000 ते 2000 झाले. कर्नाटकाने ते लगेच लागू केलं आणि त्याच महिन्यात काही दंड उतरवले. महाराष्ट्राने डिसेंबर 2021 उजाडू दिला. म्हणजे दोन वर्षं सीमेअलीकडे महाराष्ट्रातल्या कागलला एक दरपत्रक, पलीकडे कर्नाटकातल्या कोगनोळीला दुसरं. मधेच, ऑगस्ट 2021 मध्ये, कॅमेऱ्याआधी ठळक सूचना फलक लावण्याचा केंद्राचा नियम आला. फ्लेक्सच्या गर्दीत तो दिसला, तर डब्याचं अर्धं काम फुकटात झालं.

कायदेशीर की बेकायदा, हा घोळ जुनाच. मोटार वाहन कायद्यात या यंत्राचं नाव नाही. 1933 च्या बिनतारी कायद्यात मात्र विनापरवाना यंत्र बाळगायला मनाई होती. एके काळी रेडिओलाही पोस्टातून लायसन्स काढावं लागे. नुसता ऐकणारा डबा त्यात बसतो का, यावर विकणारे आणि वकील वेगवेगळं सांगतात. माझ्या मते हा वाद दुय्यम आहे, कारण डबा उपयोगाचाच नाही.

उरतो तो आवाज. रडार गन वापरतात त्यातला के बँड 24 गिगाहर्ट्झचा; शेजारच्या गाडीचा ब्लाइंड स्पॉट सेन्सर किंवा शोरूमचा सरकता दरवाजाही तिथेच असू शकतो. स्वस्त डब्याला त्यातला फरक कळत नाही. कोगनोळी टोलच्या रांगेत, गाडी ताशी दहाने सरकत असतानाही तो बोंबलतो.