जावास्क्रिप्ट की पीएचपी? आधी कोड कुठे चालतो ते ओळखा

वेबची पहिली भाषा कोणती घ्यावी असं विचारलं की दोन नावं हमखास पुढे येतात: जावास्क्रिप्ट आणि पीएचपी. दोन्ही १९९५ साली लोकांसमोर आल्या. दोन्ही एचटीएमएलच्या मधोमध लिहिता येतात, दोन्हींत महिरपी कंस, दोन्हींत 'इफ' आणि 'फॉर' जवळपास सारखेच, आणि दोन्हींनी पानावर 'नमस्कार' उमटवता येतो. त्यामुळे ही एकाच कामाची दोन अवजारं आहेत, हाताला येईल ते उचलावं, असा समज होतो. गोंधळाचं मूळ इथेच आहे. जावास्क्रिप्ट पान बघणाऱ्याच्या मोबाईलवर चालते. पीएचपी सर्व्हरवर, म्हणजे पान पाठवणाऱ्या दूरच्या कॉम्प्युटरवर, चालते आणि पान मोबाईलवर पोचण्याआधीच आपलं काम संपवते.

(जावा हे तिसरंच प्रकरण. नावातलं साम्य सोडलं तर तिचं जावास्क्रिप्टशी नातं नाही. क्लासला पैसे भरण्यापूर्वी 'कोअर जावा' शिकवणार की जावास्क्रिप्ट, हे स्पष्ट विचारून घ्या.)

हा फरक वाचून नीट ठसत नाही, म्हणून एक प्रयोग करा (पीएचपी चालवायची तयारी पुढे 'सुरुवातीच्या अडचणी'मध्ये आहे). एकाच पानावर वेळ दोनदा छापा, एकदा पीएचपीच्या 'डेट' फंक्शनने आणि एकदा जावास्क्रिप्टच्या 'न्यू डेट'ने. जावास्क्रिप्टच्या वेळेला 'सेटइंटरव्हल' लावून दर १००० मिलिसेकंदांनी ती पुन्हा छापायला सांगा. ते घड्याळ चालू लागेल. पीएचपीची वेळ मात्र पान उघडलं त्या क्षणाला जी होती तीच राहील, रिफ्रेश करेपर्यंत हलणार नाही. आता कंट्रोल आणि यू दाबून पानाचा सोर्स पाहा. जावास्क्रिप्ट ओळ न् ओळ दिसते. पीएचपीचा मागमूस नसतो, तिच्या जागी नुसता छापलेला आकडा असतो.

याच प्रयोगात दुसरी एक गोष्ट दिसते. झॅम्प, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवर पीएचपी चालवायचं सॉफ्टवेअर, नव्याने टाकलं असेल तर पीएचपीची वेळ साडेतीन किंवा साडेचार तास मागे असू शकते. झॅम्पच्या पीएचपी सेटिंगमध्ये टाईमझोन म्हणून युरोपातलं बर्लिन लिहिलेलं असतं, आणि तिथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. होस्टिंगवर, म्हणजे साईट ठेवायला भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ लावलेली असली की हाच फरक साडेपाच तासांचा होतो. कोडच्या सुरुवातीला टाईमझोन 'एशिया/कोलकाता' असा ठरवून दिला की वेळ जुळते. जावास्क्रिप्टला हे सांगावं लागत नाही, कारण ती ज्या मोबाईलवर चालते त्याचंच घड्याळ वाचते. पण त्या मोबाईलची तारीख चुकलेली असेल तर तीही चुकते. म्हणून ऑर्डरची, पावतीची, शेवटच्या तारखेची नोंद करायची वेळ नेहमी सर्व्हरची घ्यावी.

व्हेरिएबलचं, म्हणजे माहिती ठेवायच्या नाव दिलेल्या डबीचं, आयुष्यही दोघींत वेगळं. जावास्क्रिप्टमध्ये 'मोजणी' नावाचं व्हेरिएबल शून्यावर ठेवा आणि बटण दाबलं की एक वाढवा. पान उघडं आहे तोवर आकडा वाढत राहतो. पीएचपीत तेच करून पान दहा वेळा रिफ्रेश केलं तरी उत्तर दर वेळी १ येतं, कारण प्रत्येक विनंतीला कोड पहिल्या ओळीपासून नव्याने चालतो आणि शेवटच्या ओळीनंतर सगळं पुसलं जातं. टिकवायचं असेल तर सेशन (एका ग्राहकाची माहिती सर्व्हरवर तात्पुरती ठेवायची सोय) किंवा डेटाबेस लागतो. 'मी टाकलेलं नाव पुढच्या पानावर का येत नाही' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

चादरीच्या ऑर्डरचं पान

समजा, सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेल कारखान्याला ऑर्डर घ्यायचं साधं पान हवं आहे. ग्राहक नग टाकेल, पानावर लगेच रक्कम दिसेल, आणि 'ऑर्डर द्या' दाबलं की नोंद होईल. एका चादरीचे ४५० रुपये आणि पोचवण्याचे ५० धरू.

लगेच रक्कम दाखवणं हे जावास्क्रिप्टचं काम. तिथे नवशिक्या जवळजवळ नक्की अडकतो अशी एक जागा आहे. खान्यातून वाचलेली प्रत्येक गोष्ट जावास्क्रिप्टला मजकूर म्हणून मिळते, आकडा म्हणून नाही. ३ नग गुणिले ४५० केलं तर १३५० बरोबर येतं, कारण गुणाकारासाठी ती मजकुराचा आकडा स्वतःहून करून घेते. मग वाटतं, सगळं ठीक आहे. पण दुसऱ्या खान्यातून वाचलेल्या ४५० मध्ये ५० मिळवायला गेलात की ५०० ऐवजी ४५०५० येतं. अधिकचं चिन्ह जावास्क्रिप्टमध्ये बेरीजही करतं आणि मजकूर जोडतंही, आणि एक बाजू जरी मजकूर असली तरी ती जोडायचंच काम निवडते. उपाय सोपा आहे: खान्यातून वाचल्याबरोबर 'नंबर' फंक्शनने आकडा करून घ्या, मगच हिशोबाला बसा. पीएचपीत ही अडचण येत नाही. तिथे अधिकचं चिन्ह फक्त बेरजेसाठी आहे आणि मजकूर जोडायला टिंब वापरतात. म्हणूनच पीएचपीतून जावास्क्रिप्टकडे आलेला माणूस या जागी फसतो, आणि जावास्क्रिप्टमधून पीएचपीकडे गेलेला टिंब विसरतो.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. ग्राहकाने मराठी कीबोर्डवरून साध्या मजकुराच्या खान्यात '३' असं देवनागरी टाकलं, तर जावास्क्रिप्ट 'नॅन' म्हणजे 'हा आकडाच नाही' असं उत्तर देते. पीएचपीत त्याचा पूर्णांक केला तर मुकाट्याने शून्य मिळतं. पीएचपीचं वागणं जास्त धोक्याचं, कारण शून्य चादरींची ऑर्डर कुठलाही एरर न देता नोंदली जाते. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि पुढचे अंक ओळीने येतात, त्यामुळे अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक हाती येतो. हे रूपांतर दोन्हीकडे करा, आणि नग एकापेक्षा कमी असतील तर ऑर्डर घेऊ नका.

'दोन्हीकडे' का, हे समजलं की अर्धी वेब समजली. समजा किंमत पानातच एका लपवलेल्या खान्यात ठेवली आणि जावास्क्रिप्टने केलेली बेरीज सर्व्हरकडे पाठवली. कोणीही एफ १२ दाबून, म्हणजे ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडून, ४५० चे ४ करू शकतो. जावास्क्रिप्ट ग्राहकाच्या मोबाईलवर चालते, म्हणजे ती बदलणं त्याच्या हातात असतं. म्हणून ब्राउझरकडून फक्त मालाचा क्रमांक आणि नग घ्यायचे. दर पीएचपीने स्वतः डेटाबेसमधून काढायचा आणि बेरीज पुन्हा करायची. नोंद करताना ग्राहकाने टाकलेलं नाव एसक्यूएलच्या (डेटाबेसशी बोलायच्या भाषेच्या) वाक्यात सरळ चिकटवू नका. अवतरणचिन्ह असलेलं एखादं नाव आलं तरी वाक्य मोडतं, आणि वाईट हेतूचा माणूस त्याच वाटेने अख्खी टेबल पुसू शकतो. पीडीओचं (पीएचपीला डेटाबेसशी जोडणाऱ्या भागाचं) 'प्रिपेअर', जे वाक्य आणि नाव वेगवेगळं पाठवतं, वापरायची सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्या. जुन्या नोट्समध्ये 'मायएसक्यूएल क्वेरी' या जुन्या फंक्शनने लिहिलेला कोड दिसला तर तो बाजूला ठेवा. ते फंक्शन पीएचपी ७ मधून काढून टाकलं आहे.

मराठी मजकुराचाही हिशोब दोघींचा वेगळा. 'सोलापूर' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो. जावास्क्रिप्टची 'लेंग्थ' ७ सांगते, कारण ती काना, मात्रा, उकार वेगळे मोजते. पीएचपीचं 'स्ट्रलेन' २१ सांगतं, कारण ते बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात. त्यामुळे पीएचपीत 'पहिले १० घ्या' म्हणून साध्या 'सबस्ट्र'ने मराठी पत्ता कापला तर शेवटचं चिन्ह मधेच तुटतं आणि तिथे प्रश्नचिन्हाची चौकट दिसते. पीएचपीत मराठीसाठी नावाच्या सुरुवातीला 'एमबी' असलेली फंक्शनं वापरा, आणि डेटाबेसची टेबल 'यूटीएफ८एमबी४' ठेवा. हे पहिल्या दिवशी केलं नाही तर सगळी नावं प्रश्नचिन्हं होऊन साठू शकतात. ती नंतर परत मिळत नाहीत.

सुरुवातीच्या अडचणी

जावास्क्रिप्टला काहीच बसवावं लागत नाही. ब्राउझर आणि व्हीएस कोडसारखा एडिटर पुरतो, फाईलवर डबल क्लिक केलं की पान उघडतं. पहिला एरर बहुधा 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल' हा असतो. स्क्रिप्ट पानाच्या डोक्याशी लिहिलेली असते, ती चालते तेव्हा खालचं बटण अजून तयारच झालेलं नसतं. स्क्रिप्ट वेगळ्या फाईलमध्ये ठेवून टॅगला 'डिफर' लावा, नाहीतर बॉडी संपण्याच्या आधी लिहा. दुसरा अडथळा 'फेच'चा. सर्व्हरकडून माहिती मागवून लगेच छापली तर माहितीऐवजी 'प्रॉमिस, पेंडिंग' असं दिसतं. जावास्क्रिप्ट उत्तराची वाट पाहत थांबत नाही, पुढची ओळ चालवते. 'अवेट' लावल्यावर थांबते. हा भाग सगळ्यांनाच जड जातो. त्याला एक पूर्ण आठवडा द्या आणि तोवर पुढे जाऊ नका.

पीएचपीसाठी झॅम्प बसवून त्यातलं अपाची (पानं पाठवणारा सर्व्हर प्रोग्राम) सुरू करावं लागतं. ते सुरूच होत नसेल तर ८० नंबरचा पोर्ट दुसऱ्या प्रोग्रामने अडवला आहे का ते पाहा आणि सेटिंगमध्ये ८०८० करा. फाईल 'एचटीडॉक्स' फोल्डरमध्ये ठेवून लोकलहोस्टच्या, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरच्या, पत्त्यावरून उघडायची. डबल क्लिक केलं तर ब्राउझरला पीएचपी कळत नाही, आणि पान दिसायच्या ऐवजी नुसता कोड दिसतो किंवा फाईल डाऊनलोड होते. ओळीच्या शेवटचा अर्धविराम जावास्क्रिप्टमध्ये विसरला तरी बहुतेक वेळा निभावतं. पीएचपी तिथेच थांबते, आणि चूक आठव्या ओळीत असली तरी बऱ्याचदा नवव्या ओळीचा क्रमांक सांगते. म्हणून एररमध्ये दिलेल्या ओळीच्या वरची ओळ आधी तपासा. 'हेडर्स ऑलरेडी सेंट' आलं तर पीएचपीचा टॅग सुरू होण्याआधी एखादी मोकळी ओळ किंवा जागा सुटली आहे का ते बघा.

मग पहिली कोणती

आमचं मत स्पष्ट आहे: बहुतेकांनी जावास्क्रिप्टपासून सुरू करावं. ब्राउझरमध्ये तिला पर्याय नाही. पीएचपी शिकलात तरी पानावरच्या हालचालीसाठी ती लागणारच. उलट बाजूने पाहिलं तर सर्व्हरचं काम २००९ मध्ये आलेल्या नोडमुळे (ते जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवतं) जावास्क्रिप्टमध्येही करता येतं. पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांत जायचं असेल तर जावास्क्रिप्ट, मग नोड आणि रिअॅक्ट (पानं बांधायची जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी) हा रस्ता धरा. पण सोलापुरात राहून दुकानं, शाळा, दवाखाने, कारखाने यांच्या साईट करून द्यायच्या असतील तर पीएचपी टाळून चालणार नाही. वर्डप्रेस हे साईट बनवायचं सॉफ्टवेअर तिच्यातच लिहिलेलं आहे, आणि मराठी विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो तेही. एखादी चालू वर्डप्रेस साईट आधीच तुमच्या अंगावर पडली असेल, किंवा कॉलेजचं प्रोजेक्ट पीएचपी-मायएसक्यूएलमध्येच द्यायचं असेल, तर क्रम उलटा करायला हरकत नाही.

रोज दीड तास धरला तर एचटीएमएल-सीएसएसला तीन आठवडे, जावास्क्रिप्टला आठ आणि त्यानंतर पीएचपीला पाच ते सहा आठवडे द्या. वरचा घड्याळाचा प्रयोग सोडला तर पीएचपीच्या पहिल्या महिन्यात दोन्ही भाषा एका फाईलमध्ये मिसळू नका. कोणती ओळ कुठे चालते हेच कळेनासं होतं आणि एरर शोधायचा कुठे हेही. रिअॅक्ट किंवा लाराव्हेलला (पीएचपीचा तयार सांगाडा) त्याआधी हात लावू नका. त्यांचे एरर समजायला मूळ भाषा यावी लागते.

पान लोकांना दाखवायची वेळ आली की फरक पुन्हा समोर येतो. नुसतं एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट असेल तर गिटहब पेजेस या साईट ठेवायच्या सेवेवर फुकट चढवता येतं. तिथे पीएचपी चालत नाही. तिच्यासाठी साधं शेअर्ड होस्टिंग घ्या आणि फाईली 'पब्लिक एचटीएमएल' फोल्डरमध्ये टाका. ही होस्टिंग बहुतेक लिनक्सवर असते, आणि तिथे फाईलच्या नावातलं मोठं आणि लहान इंग्रजी अक्षर वेगळं मानतात. विंडोजच्या लॅपटॉपवर चालणारी लिंक म्हणूनच होस्टिंगवर ४०४ ('पान सापडलं नाही') देते. सगळी नावं पहिल्यापासून लहान अक्षरांत ठेवा.

लोकलहोस्टची लिंक मित्राला व्हॉट्सअॅपवर पाठवली तर उघडणार नाही, कारण त्याच्या मोबाईलसाठी लोकलहोस्ट म्हणजे त्याचाच मोबाईल. दोघं एकाच वायफायवर असाल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' चालवा, बऱ्याचदा १९२.१६८ ने सुरू होणारा जो पत्ता मिळेल तो लोकलहोस्टच्या जागी घाला, आणि विंडोजच्या फायरवॉलने अपाचीबद्दल विचारलं तर परवानगी द्या.