इजॉ आणि डेफाका: वाण की गुण?

नायजेरियात नायजर नदीच्या मुखाशी, खारफुटी आणि खाड्यांच्या मुलखात इजॉ लोक राहतात. इझॉन, कलाबारी, नेम्बे, ओक्रिका अशा त्यांच्या भाषा एकमेकींच्या सख्ख्या बहिणी, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो या बहिणींचं घराणं कोणतं याचा.

पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेक भाषा नायजर-काँगो या प्रचंड कुळात घातल्या जातात. त्या कुळाची मोठी खूण म्हणजे नामांचे वर्ग, म्हणजे नामांची ठरावीक गटांत विभागणी. स्वाहिलीत ते ठळक दिसतात, इजॉत जवळजवळ नाहीत. उलट तिच्यात कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद असा क्रम आहे, आणि कलाबारीत तर ‘तो, ती, ते’ असा भेदही आहे. मराठी माणसाला हे अगदी घरचं वाटेल, पण त्या भागात ते विरळच. अर्थात अशा साम्यावरून नातं ठरत नाही. नाहीतर आपणही इजॉंचे भाऊबंद ठरलो असतो.

१९६३मध्ये भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी आफ्रिकेतल्या सगळ्या भाषांची मांडणी केली, तेव्हा इजॉला नायजर-काँगोतल्या ‘क्वा’ गटाची एक स्वतंत्र फांदी म्हणून जागा दिली. शेजारच्या इग्बो, योरुबाही तेव्हा त्याच गटात होत्या. सोय झाली, पण कोडं सुटलं नाही. ते नेटाने धरून बसल्या भाषाशास्त्रज्ञ के विल्यमसन. इजॉच्या कोलोकुमा बोलीचं त्यांचं व्याकरण १९६५मध्ये आलं आणि २००५मध्ये निधन होईपर्यंत त्या नायजेरियातल्या भाषांवर काम करत राहिल्या. पुढे इजॉ क्वामधून बाहेर पडली आणि नायजर-काँगोच्या फार जुन्या काळी फुटलेल्या फांद्यांमध्ये गणली जाऊ लागली.

मग डेफाका समोर आली. बोलणारे जेमतेम काहीशे, तेही एन्कोरो या इजॉ भाषेच्या शेजारात. १९८३मध्ये चार्ल्स जेनेवारी यांनी ती इजॉची सर्वांत जवळची नातलग असल्याचं मांडलं, आणि दोघींच्या कुळाला ‘इजॉइड’ हे नाव रूढ झालं.

माझ्या मते खरी मेख इथेच आहे. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो. डेफाका आणि इजॉ यांच्यातलं साम्य वाण म्हणायचं की गुण? रॉजर ब्लेंच यांना गुणाची शंका येते: डेफाका मुळात एकाकी, म्हणजे कोणत्याच भाषेशी नातं नसलेली भाषा असावी आणि इजॉच्या सहवासाने तिच्यासारखी झाली असावी. तसं असेल तर ‘इजॉइड’ हे कुळच उरत नाही. दुसरीकडे गेरिट डिमेंडाल यांच्यासारखे अभ्यासक इजॉइड मान्य करतात, पण ते नायजर-काँगोच्या बाहेर ठेवतात.

संपर्काने भाषा किती बदलते याचा पुरावा इजॉनेच अटलांटिकपार दिला आहे. दक्षिण अमेरिकेतल्या आजच्या गयानात बर्बिस नदीकाठी डचांनी १६२७मध्ये वसाहत उभारली. तिथे गुलाम म्हणून नेलेल्या लोकांमध्ये पूर्व इजॉ बोलणारे होते. डच आणि इजॉ यांच्या मिश्रणातून तिथे बर्बिस डच जन्मली. तिचा अनेकवचनाचा ‘-आपु’ हा प्रत्यय सरळ इजॉचा, आणि रोजच्या वापरातले कितीतरी शब्दही. एका भाषेचे प्रत्ययसुद्धा दुसरीच्या शब्दांना असे चिकटत असतील, तर एन्कोरोच्या कुशीत वाढलेल्या डेफाकाबद्दल केवळ शब्दयाद्या पाहून निकाल देता येत नाही. नियमित ध्वनिबदल, म्हणजे एकीतल्या अमुक ध्वनीच्या जागी दुसरीत दर वेळी तमुक ध्वनी येतो असे, एकेक करून दाखवावे लागतात, आणि त्यासाठी डेफाकाची भरपूर सामग्री हवी. इकडे डेफाकांची मुलं एन्कोरो बोलत मोठी होत आहेत.