आरती येते, पण पाणी मागता येत नाही

म्युझिक थेरपिस्ट आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, बीपीसाठी कुठला राग ऐकू? अहो, मी काही रागांचं मेडिकल स्टोअर चालवत नाही. माझ्याकडे जास्त करून येतात ते स्ट्रोक होऊन गेलेले, ज्यांना समोरच्याचं बरंचसं कळतं पण तोंडातून शब्दच निघत नाही. याला म्हणतात अफेझिया. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ मध्ये असाच एक पेशंट पाहिला, तो फक्त 'टॅन' एवढंच म्हणायचा, आणि तो वारल्यावर मेंदू तपासला तर डाव्या बाजूला पुढे बिघाड.

मागे एक काका आले. काकूंचं नाव सांगा म्हटलं तर घामाघूम झाले. मी टाळ्या वाजवत गणपतीची आरती धरली आणि दुसऱ्या ओळीपासून हे खणखणीत, शब्दांसकट! काकू रडायलाच लागल्या, "बोलायला लागले हो!"

माझं अवघड काम इथे सुरू होतं, कारण ते बोलणं नव्हतंच. आयुष्यभर म्हणलेली आरती एकदा सुरू झाली की आपोआप पुढे सरकते, मध्ये थांबवून पुढचा शब्द विचारला की काका परत गप्प.

म्हणून आम्ही आरती सोडून 'पाणी दे' घेतलं. दोनच सूर, सा आणि कोमल ग, आणि प्रत्येक अक्षराला त्यांचा डावा हात मांडीवर, पा-णी-दे. आधी दोघं मिळून, मग मी अर्ध्यात सोडून द्यायचं, मग हळूहळू सूर काढून टाकत साध्या बोलण्याकडे यायचं. बोस्टनच्या डॉक्टर मंडळींनी १९७३ मध्ये मांडलेली ही पद्धत, मेलोडिक इंटोनेशन थेरपी.

ती का चालते यावर अजून भांडणं आहेत. आधी वाटायचं की गाणं उजव्या मेंदूतलं, म्हणून तो डाव्याचं काम उचलतो. मग २०११ मध्ये जर्मनीत १७ पेशंटवर बघितलं तर सुरापेक्षा ठेका आणि पाठ असलेले शब्द जास्त महत्त्वाचे निघाले. मला स्वतःला ठेक्याचं पटतं, कारण हात थांबला की शब्द अडकतो हे रोज बघते.

काका आता 'चहा दे' पर्यंत आलेत, अजून गाऊनच, आणि काकूंची तक्रार अशी की दिवसातून सहा वेळा गातात.