महाबळेश्वर-पाचगणी परिसर : मुलाबाळांसह भटकंती

सातारा जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर आणि पाचगणी ही दोन थंड हवेची शहरं आहेत, मधे साधारण 20 किलोमीटर अंतर, आणि त्यांच्या भोवतीच्या खोऱ्यांत भिलार, तापोळा, प्रतापगड, वाई असा मोठा टापू येतो. पुण्याहून गाडीने 120 किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांची लहान मुलांना घेऊन केलेली पहिली डोंगरातली ट्रिप इथलीच असते. पण बहुतेकांची ती ट्रिप एका दिवसात टॅक्सीने बारा-चौदा पॉइंट, प्रत्येक ठिकाणी फोटो आणि चला पुढे, अशी होते, आणि मुलं चौथ्या पॉइंटला कंटाळून गाडीत झोपतात. खरं तर मुलांसाठी इथे भरपूर आहे, फक्त ते पॉइंटच्या यादीत मावत नाही. दिवसाला दोनच ठिकाणं धरावीत आणि तिथे मुलांना पाहिजे तेवढा वेळ हुंदडू द्यावं.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1350 मीटरवर, आणि सगळ्यात उंच जागा विल्सन पॉइंट, 1439 मीटर. पूर्ण सूर्योदय दिसतो म्हणून लोक पहाटे तिथे जातात, थंडीत मुलांना कानटोपी पाहिजेच. साताऱ्याच्या छत्रपतींशी करार करून इंग्रजांनी 1829 च्या सुमारास हे ठिकाण वसवलं, गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या नावाने बाजारपेठेला माल्कम पेठ म्हणायचे. वेण्णा लेक मात्र इंग्रजांचा नाही, तो साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी 1842 मधे बांधून घेतला. आज मुलांची पहिली फर्माईश तोच असतो, वल्ह्याची नाहीतर पायडलची बोट, काठावर घोडे, भाजलेलं मक्याचं कणीस, गरम भजी. शनिवार-रविवारी संध्याकाळी बोटीसाठी लांब रांग लागते, सकाळी लवकर गेलं तर तलावावर धुकं असतं आणि बोट लगेच मिळते.

नद्यांचा उगम

या परिसरात मुलांना दाखवायची एकच जागा निवडायची झाली तर मी क्षेत्र महाबळेश्वर म्हणेन, बाजारापासून सहाएक किलोमीटरवरचं जुनं गाव. तिथल्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्या उगम पावतात असं मानतात, पाणी एकत्र होऊन गोमुखातून कुंडात पडतं. भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी इथे येते अशीही श्रद्धा आहे. भूगोलाच्या पुस्तकात जलविभाजक हा शब्द वाचून कुणालाच काही कळत नाही, इथे उभं राहून मुलांना सांगता येतं की या एकाच डोंगरावरची सावित्री पश्चिमेला कोकणात उतरून बाणकोटला अरबी समुद्राला मिळते आणि कृष्णा पूर्वेला निघते, वाटेत साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा तिला भेटते, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयना भेटते, आणि मग कर्नाटक, तेलंगण, आंध्र करत ती थेट बंगालच्या उपसागरात जाते. परत गेल्यावर घरी नकाशा काढून बोटाने हा प्रवास करून बघावा, मुलं हे विसरत नाहीत.

जवळच महाबळेश्वराचं मंदिर आहे, आत पिंडीऐवजी ओबडधोबड स्वयंभू खडक आणि त्याच्या खळग्यांत पाणी. तिथून थोडं चालत गेलं की कृष्णाबाईचं जुनं दगडी मंदिर लागतं, तिथे गर्दी फार नसते, समोर कृष्णेचं खोरं उघडं दिसतं. बरेच टॅक्सीवाले हे मंदिर सांगतच नाहीत, विचारून जावं.

पॉइंट

पॉइंट तिसाच्या आसपास तरी असतील, पण मुलांच्या दृष्टीने मोजकेच कामाचे. आर्थर सीट हा सावित्रीच्या खोल दरीवरचा कडा, खाली कोकण दिसतं. इथे कोकणातून येणारा वारा सरळ उभ्या कड्यावर आदळून वर चढतो, त्यामुळे हलकी वस्तू दरीत टाकली तर ती उलटी वर येते. लोक बाटलीची झाकणं टाकतात ते बंद व्हायला पाहिजे, सुकलेलं पान टाकलं तरी तीच गंमत होते आणि दरीत कचरा पडत नाही. पाऊस सुरू व्हायच्या आधीच्या दिवसांत वारा जास्त असतो तेव्हा हे फार छान दिसतं. रेलिंगच्या पलीकडे मात्र कुणालाही जाऊ देऊ नये, कडा खरोखर सरळसोट आहे.

केट्स पॉइंटवरून धोम आणि बलकवडी धरणांचं पाणी दिसतं, आणि शेजारीच हत्तीच्या सोंडेसारखा दिसणारा नेढ्याचा, म्हणजे आरपार भोक असलेला खडक आहे, तो मुलांना शोधायला लावावा. लॉडविक पॉइंटला चालत जायची वाट झाडीतून आहे, पाच-सहा वर्षांचं मूल आरामात चालतं, वर जनरल लॉडविकचा स्तंभ आहे, 1824 मधे हा डोंगर चढणारा तो पहिला इंग्रज अधिकारी. सूर्यास्तासाठी बॉम्बे पॉइंट. लिंगमळ्याच्या धबधब्याला दोन भाग आहेत, मोठा लांबूनच बघायचा आणि छोट्याकडे पाय भिजवता येतात, पावसाळा संपता संपता म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरला सगळ्यात चांगला, मार्चनंतर पाणी आटतं.

सगळ्या पॉइंटवर माकडं असतात. हातात वेफर्सचं पाकीट असलेलं मूल त्यांना बरोबर कळतं, म्हणून खाऊ बॅगेतच ठेवायचा, आणि त्यांना खायला अजिबात घालायचं नाही, त्यानेच ती धीट होत जातात. झाडीत शांतपणे चाललं तर शेकरू दिसतं, मोठी तपकिरी खार, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, ते सकाळी जास्त दिसतं.

पाचगणी, स्ट्रॉबेरी आणि पुस्तकांचं गाव

पाचगणी म्हणजे निवासी शाळांचं गाव, आणि त्याच्या डोक्यावर टेबल लँड. हे पठार जांभा खडकाचं आहे, खालचा काळा बेसाल्ट लाखो वर्षं ऊन-पावसाने कुजून वर हे कडक लालसर टोपण तयार झालं, म्हणून माथा इतका सपाट. मुलांना मोकळं पळायला, पतंग उडवायला यापेक्षा मोठं अंगण या भागात नाही. घोडे आणि घोडागाड्या असतात, भाव बसायच्या आधी ठरवावा आणि घोडेवाल्याला लगाम हातात धरूनच चालायला सांगावं. पठारावरची माती पातळ आहे, पावसाळ्यात तिथे छोटी डबकी साचतात, त्यात बेडूक आणि रोपं असतात, म्हणून गाडीवाट सोडून गाड्या पळवू नयेत असं कळकळीने वाटतं. पारशी पॉइंट आणि सिडनी पॉइंटवरून खाली कृष्णेचं खोरं आणि धोमचा जलाशय दिसतो, ढगातून पॅराग्लायडर उतरताना दिसले तर मुलं तिथून हलत नाहीत. मोठ्या मुलांना पाचगणीत शिकवणाऱ्यांबरोबर उडता येतं, पण हवा आणि वय-वजनाचे नियम बघूनच.

भारतातली बहुतेक स्ट्रॉबेरी याच पट्ट्यात पिकते, 2010 मधे महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. रोपं पावसाळा सरता सरता लावतात आणि फळ साधारण डिसेंबर ते मार्च-एप्रिल. रस्त्याकडेच्या स्टॉलवर स्ट्रॉबेरी विथ क्रीम सगळेच खातात, पण मुलांना शेतात न्यावं. बरेच शेतकरी पैसे घेऊन स्वतःच्या हाताने तोडू देतात, प्लास्टिकच्या आच्छादनावर लोळणारी लाल फळं देठासकट तोडायची आणि कच्चं तोडायचं नाही हे शेतकरीच शिकवतो. गुरेघरचं मॅप्रो गार्डन सगळ्यांना माहीत आहे, सुट्टीत तिथे पार्किंगलाच अर्धा तास जातो. सीझन संपला की तुती, करवंदं, जांभळं येतात, आणि बाजारात लाल मुळे, गाजरं, महाबळेश्वरी चणे वर्षभर दिसतात. काही भाज्या आणि वेताचं काम इथे एकोणिसाव्या शतकात कैदी म्हणून आणलेल्या चिनी लोकांनी रुजवलं.

भिलार हे स्ट्रॉबेरीचंच गाव, पण 4 मे 2017 पासून ते पुस्तकांचं गाव झालंय. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या दुकानांच्या गावावरून कल्पना घेतलेली, पण इथे पुस्तकं विकायला नाहीत, वाचायला आहेत. गावातल्या घरांत, देवळात, शाळेत मराठी पुस्तकं ठेवलीत, प्रत्येक घराचा विषय वेगळा, बाहेर रंगवलेल्या भिंती. आत जायचं, पुस्तक घ्यायचं, ओटीवर बसून वाचायचं, फी नाही. बालसाहित्याचं घर विचारलं की गावातलं कुणीही दाखवतं. इंग्रजी शाळेतली मुलं इथे दुसऱ्याच्या घरात बसून मराठी गोष्ट वाचतात हे बघून फार बरं वाटतं. चहा-नाश्त्याची आणि मुक्कामाची सोय काही घरांत होते. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मधे मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, मधपेट्या आणि सातेरी जातीच्या मधमाश्या कशा पाळतात ते तिथे बघता येतं.

थोडं लांब

प्रतापगड महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने सुमारे 24 किलोमीटर. शिवाजी महाराजांनी मोरोपंत पिंगळ्यांकडून बांधून घेतलेला हा किल्ला 1656 मधे पूर्ण झाला, आणि 10 नोव्हेंबर 1659 ला याच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट झाली. पायऱ्या बऱ्याच आहेत पण चांगल्या बांधलेल्या, वर भवानीमातेचं मंदिर, बालेकिल्ला, आणि 1957 मधे पंडित नेहरूंनी अनावरण केलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा. गोष्ट आधी सांगून न्यावं, मग बुरुजावरून जावळीचं दाट जंगल बघताना खानाला इथे का बोलावलं हे मुलांना आपोआप कळतं. किल्ल्यावर पिठलं-भाकरी आणि ताक मिळतं.

तापोळ्याला कोयना धरणाचा शिवसागर जलाशय पसरलाय, मोटारबोटीने फिरता येतं, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नये. बामणोलीवरून बोटीने जाऊन वासोटा किल्ल्याचा जंगल ट्रेक होतो, तो दहा-बारा वर्षांच्या पुढच्या चालणाऱ्या मुलांसाठी. साताऱ्याजवळचं कास पठार 2012 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाचा भाग आहे. सप्टेंबरमधे तेरडा, गेंद, सीतेची आसवं फुलतात, आणि कवल्याचं पिवळं फूल मिकी माउससारखं दिसतं म्हणून मुलं तेच आधी शोधतात. किडे खाणारी दवबिंदू वनस्पतीही तिथे आहे. सीझनमधे रोजची संख्या मर्यादित असते, बुकिंग आधी करावं लागतं.

कधी आणि कसं

जून ते सप्टेंबर इथे वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, पॉइंट धुक्यात, बोटी बंद, जंगलात जळवा, त्यामुळे तान्ह्या मुलांना घेऊन जुलैत जाऊ नये. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. नाताळ, दिवाळी आणि मेच्या सुट्टीत वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात वाहनांची रांग लागते, पहाटे निघावं. घाट लागणाऱ्या मुलांना पोट अगदी रिकामं किंवा गच्च भरलेलं नको, पुढच्या सीटवर बसवून बाहेर बघायला लावलं तर त्रास कमी होतो. हा सगळा भाग 2001 पासून इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणासाठी जपायचा भाग आहे, तरी दरीत प्लास्टिक दिसतंच, म्हणून आपला कचरा परत गाडीतून न्यावा.

परतताना वाईला थांबावं. ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. तिथून जवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि नदीवरचा घाट आहे, आणि तिथे वसईच्या 1739 च्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलीय. मराठी विश्वकोशाचं कार्यालयही वाईत आहे. वाईहून सुरूरला हायवे लागतो आणि पुणं तिथून दोन तासांवर.