ऑफलाइन मार्गशोध (मालवाहतुकीतील)

मोबाइलची रेंज नसताना, फोनमध्ये किंवा गाडीतल्या उपकरणात आधीच साठवलेला नकाशा आणि उपग्रहांच्या संकेतांवरून काढलेली स्वतःची जागा यांच्या आधारे रस्ता शोधण्याची पद्धत. चालकांच्या बोलण्यात ‘ऑफलाइन मॅप’ हाच शब्द रूढ आहे. कळंबोली, तळोजा, उरण आणि भिवंडी या पट्ट्यातून भरलेली गाडी जव्हार-मोखाड्यापासून भामरागडपर्यंत कुठेही जाते आणि वाटेत रेंज अनेकदा जाते. मालवाहतुकीत या पद्धतीचे महत्त्व त्यामुळेच आहे.

उगम : या पद्धतीचा आरंभ कुठून धरावा याबद्दल एकमत नाही. एका मताप्रमाणे तो १९८० च्या दशकातल्या वाहन-उपकरणांपासून धरावा. होंडा कंपनीने १९८१ मध्ये जपानमध्ये ‘इलेक्ट्रो जायरोकेटर’ आणले. त्यातला वायूच्या झोतावर चालणारा जायरोस्कोप गाडीचे वळण टिपत असे आणि पडद्यावर बसवलेल्या पारदर्शक नकाशावर गाडीची जागा दिसे. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एटॅक कंपनीचे उपकरण आले. त्याचे नकाशे कॅसेटवर साठवलेले असत. चाकांचे फेरे आणि होकायंत्र यांवरून गाडी कुठवर आली याचा हिशेब होई. दोन्हींत उपग्रहाचा संबंध नव्हता. दुसरे मत असे, की ‘ऑफलाइन’ हा शब्दच ‘ऑनलाइन’च्या नंतरचा आहे, नकाशा दूरच्या सर्व्हरवर गेला आणि तो परत हातातल्या फोनवर आणावा लागला, तेव्हाच ही पद्धत वेगळी ठरली. या मताने काळ साधारण २००५ ते २०१५ असा येतो. गूगल मॅप्स २००५ चे. नोकियाने फोनमधल्या नकाशावरचे मार्गदर्शन जानेवारी २०१० मध्ये विनामूल्य केले. गूगलच्या वळणावळणाच्या सूचना ऑफलाइन मिळू लागल्या त्या २०१५ च्या अखेरीस. शब्दाचा इतिहास म्हणून दुसरे मत बरोबर आहे. पद्धतीचा इतिहास पाहायचा तर पहिले अधिक ग्राह्य वाटते, कारण नकाशा गाडीत असणे आणि जागेचा हिशेब गाडीतच होणे ही तिची दोन्ही अंगे १९८५ पर्यंत सिद्ध झाली होती.

स्थाननिश्चिती : फोनला त्याची जागा इंटरनेट सांगते, हा समज चालकांत आहे तसाच गाडीमालकांतही आहे. तो दूर व्हायला हवा, कारण त्यापायी रेंज गेली की फोन खिशात जातो आणि चालक अंदाजाने गाडी हाकतो. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवरून सतत संकेत पाठवतात. फोन ते फक्त ऐकतो, उलट काहीच पाठवत नाही. चार उपग्रह ऐकू आले की काम होते : अक्षांश, रेखांश व उंची या तीन अज्ञात राशी आणि फोनच्या घड्याळाची चूक ही चौथी. सिमकार्ड काढून ठेवले तरी यात फरक पडत नाही.

फरक पडतो तो पहिली जागा सापडायला लागणाऱ्या वेळात. कोणता उपग्रह आकाशात कुठे आहे ही माहिती रेंज असताना फोन मोबाइल नेटवर्कवरून क्षणात उचलतो. रेंज नसेल तर तीच माहिती उपग्रहाच्या संकेतातून वाचावी लागते, आणि त्या संकेताची गती सेकंदाला अवघी ५० बिट आहे. एका उपग्रहाच्या कक्षेचा तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा येतो. सगळ्या उपग्रहांचे ढोबळ पंचांग पुरे व्हायला साडेबारा मिनिटे लागतात. मध्येच झाडी किंवा कडा आड आला तर तुटलेला भाग पुढच्या फेरीत परत ऐकावा लागतो. दोन दिवस बंद असलेला फोन घाटात चालू केला तर निळा ठिपका बराच वेळ येत नाही, तो यामुळे. यार्डातून निघण्यापूर्वीच नकाशा उघडून जागा पकडून घ्यावी. वाटेत हरवली तर गाडी मोकळ्या आभाळाखाली उभी करून दोन-चार मिनिटे थांबावे. नागरी वापराच्या संकेतात अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे, ती मे २००० मध्ये थांबली. त्यापूर्वी जागा शंभरेक मीटरने चुकू शके, म्हणजे घाटातल्या वरच्या आणि खालच्या वळणात भेद करता येत नसे.

भारताची स्वतःची यंत्रणा ‘नाविक’. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सुटला आणि सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी. नाविक हे नाव त्याच वेळी मिळाले. १९९९ च्या कारगिल युद्धात अमेरिकेने जीपीएसची माहिती नाकारली आणि त्यातून नाविकचा जन्म झाला, असे नेहमी सांगितले जाते. प्रकल्पाला मंजुरी २००६ मध्ये मिळाली. परकी यंत्रणेवर विसंबून राहू नये ही प्रेरणा निश्चित होती; मात्र एकाच नकारातून सारा प्रकल्प उभा राहिला, हे कथन नंतर ठसठशीत झालेले असावे. मालवाहतुकीच्या दृष्टीने त्याची रचना महत्त्वाची आहे. सातही उपग्रह भूस्थिर किंवा भूसमकालिक, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळणाऱ्या, कक्षेत योजलेले आहेत. त्यांतले ८३ अंश पूर्व रेखांशावरचे स्थान महाराष्ट्रातून क्षितिजाच्या सुमारे ६५ अंश वर येते. सह्याद्रीच्या अरुंद दरीत दोन्ही बाजूंचे कडे खालचे उपग्रह झाकतात, तेव्हा डोक्यावरचा उपग्रहच कामी येतो. सुरुवातीच्या काही उपग्रहांची अणुघड्याळे, म्हणजे संकेताची वेळ अचूक राखणारी घड्याळे, निकामी झाली, ही मोठी अडचण ठरली. २९ मे २०२३ रोजी सुटलेल्या नाविकच्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात भारतीय बनावटीचे अणुघड्याळ आहे, शिवाय साध्या फोनना सोयीची एल-१ वारंवारता.

बोगद्यात कोणताच उपग्रह ऐकू येत नाही. भिवंडीजवळच्या आमणेपासून निघणाऱ्या समृद्धी महामार्गावर इगतपुरीजवळ जवळपास ८ किमीचा बोगदा आहे. तिथे फोन मागचा वेग धरून ठिपका पुढे ढकलतो, म्हणजे पुन्हा १९८५ चाच हिशेब.

साठवलेला नकाशा : जुन्या पद्धतीत नकाशाची चित्रे साठवत, त्यामुळे जागा फार लागे. आता रस्ते बिंदू आणि रेषांच्या रूपात ठेवतात. सबंध महाराष्ट्र साध्या फोनच्या मेमरीत सहज मावतो. जवळची वाट काढण्याची डाइक्स्ट्रा यांची रीत १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. रस्त्यांच्या मोठ्या जाळ्यावर ती संथ पडते. महत्त्वाच्या नाक्यांमधल्या जोडवाटांचा हिशेब आधीच करून ठेवण्याची रीत जर्मनीतील कार्ल्सरूह येथे २००८ मध्ये मांडली गेली. अशा तयारीमुळे कळंबोली ते नागपूर हा मार्ग फोन इंटरनेटविना काही सेकंदांत काढू शकतो. २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी भरलेला नकाशा ऑसमअँड, ऑर्गॅनिक मॅप्स इत्यादी अ‍ॅपना पाया पुरवतो. गूगलचा उतरवून घेतलेला नकाशा वेळोवेळी अद्ययावत केला नाही तर मुदतीनंतर जातो. भारतात नकाशे बनवण्यावरचे बरेच निर्बंध १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी सैल झाले.

ट्रकची उंची आणि वजन : खरी उणीव इथे आहे. बहुतेक नकाशे मोटारीच्या हिशेबाने रस्ता सांगतात. ४० फुटी कंटेनर १२.१९ मी. लांब आणि २.४४ मी. रुंद असतो, साधा २.५९ मी. आणि ‘हाय क्यूब’ जवळजवळ २.९० मी. उंच. ट्रेलरच्या पाट्याची उंची त्यात मिळवली की एकूण चार मीटरच्या वर जाते. मोटारीला जवळची वाटणारी वाट रेल्वेच्या मोरीखालून जात असेल तर ही गाडी तिथे अडते, आणि मागे घ्यायला जागा नसते. क्लीनर खाली उतरतो, कंटेनरची वरची कड आणि मोरीचा गर्डर यांकडे आळीपाळीने पाहतो, हाताने ‘येऊ दे, येऊ दे’ करतो आणि मग एकदम पत्र्यावर थाप मारतो. नकाशात ही उंची एका आकड्याने नोंदवता येते. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कमाल उंची व कमाल वजन यांसाठी रकाने आहेत आणि ऑसमअँडमध्ये गाडीची मापे भरता येतात. आडवळणाच्या रस्त्यांवर हे रकाने बहुधा रिकामे असतात. रिकाम्या रकान्याचा अर्थ अ‍ॅप ‘अडथळा नाही’ असा घेते. तो ‘कुणी मोजलेले नाही’ असा घेतला पाहिजे.

ठाणे-नवी मुंबई परिसर : न्हावा शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. तेव्हापासून कंटेनरची वर्दळ कळंबोलीवरून चहूकडे फुटते. कसारा घाट नाशिककडे आणि माळशेज घाट मुरबाडवरून अहिल्यानगरकडे नेतो. माळशेजमध्ये पावसाळ्यात दरड कोसळून वाहतूक थांबते. साठवलेल्या नकाशाला ते कळत नाही, समोरून येणाऱ्या गाडीवाल्याला कळते. महामार्गांचे क्रमांक २०१० मध्ये बदलले. माळशेजचा २२२ आता ६१ आहे, गोव्याचा १७ आता ६६. जुना चालक जुना आकडा सांगतो, फोन नवा बोलतो आणि नवख्याचा फाटा चुकतो. मैलाच्या दगडाचा रंग तेवढा दोघांनाही कळतो : पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा.

भिवंडीकडे काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली या गावांत गोदामांचा पत्ता कंपाउंड आणि गाळा नंबर असा असतो. नकाशात गाव मिळते, गाळा मिळत नाही.

वापर : नकाशा उतरवून घेणे, फोन डॅशबोर्डवर लावणे वगैरे सर्वपरिचित आहे. हातातले उपकरण गाडी चालवताना केवळ मार्ग पाहण्यासाठी, तेही लक्ष विचलित न होता, वापरायची मुभा १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांत आहे. गाडीत बसवलेला ट्रॅकर वेगळा. तो मालकाला गाडी दाखवतो, चालकाला रस्ता नाही. माल उतरवण्याच्या जागेचे ‘लोकेशन’ रेंज असतानाच मागवून त्याचे आकडे कागदावर उतरवून ठेवणे उत्तम. १९.०३, ७३.१० एवढ्याने कळंबोली सापडते. दशांशचिन्हापुढे चार अंक असले की अक्षांशात सुमारे ११ मीटरपर्यंत नेम लागतो. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला ‘डिजिपिन’ हेच दहा चिन्हांत करतो. त्याचा एक चौकोन साधारण ४ मीटर बाजूचा असून चिन्हांवरून जागा काढायला इंटरनेट लागत नाही. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर, जिथे घरांना क्रमांक नाहीत आणि एकाच नावाच्या दोन वाड्या दोन डोंगरांवर असतात, तिथे पत्ता म्हणून हीच चिन्हे बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) लिहिता येतील.